कळेवरचा हात

१२ सप्टेंबर

प्रिय भाऊजी,

अवेळी पत्र आलं म्हणून दचकू नका. आई ठीक आहेत, मीही ठीक आहे. हे गेल्या आठवड्यात शेवटच्या बोटीने बेटावर पोचले. आता समुद्र शांत होईपर्यंत बोट नाही. म्हणजे थेट वसंतापर्यंत वेधशाळेच्या त्या दोन खोल्या, हे आणि यंदा नवीन आलेला मदतनीस.

गेला हिवाळा मी कसा काढला ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. हवामानखात्याच्या ऑफिसात चौकशीला गेलं की साहेब म्हणायचे, बेटावरून आकडे वेळेवर येताहेत, म्हणजे तुमचे यजमान खुशाल आहेत. आणि मग तुमची पोस्टकार्डं. 'रविवारी रेडिओवर दादाशी बोललो, ठीक आहे.' मी ते कार्ड उलटून पाहायची, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून. मागे माझाच पत्ता असायचा.

यंदा मला ते झेपणार नाही. हौशी रेडिओचा परवाना मीच काढायचं ठरवलंय. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी आहे आणि अर्जही देऊन आले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, मुलासाठी का? मी म्हटलं, मुलगा नाही, मीच आहे. त्याने चष्मा वर करून माझ्याकडे अशी नजर टाकली की मला परत फिरावंसं वाटलं.

आता काय काय वाचायचं ते सांगा. दिवसभर मी टायपिंगच्या क्लासात पोरींना शिकवते, संध्याकाळी वेळ मिळतो. पण शाळेत गणितात मी काठावर पास व्हायची आणि विजेची तर मला धास्तीच आहे. इस्त्रीचा प्लगसुद्धा मी डोळे मिटून काढते. ह्यांचा जुना रिसीव्हर कपाटावरून खाली काढलाय. चालू केला तर नुसती खरखर आली, तरी तासभर ऐकत बसले.

नुसतं ऐकायला परवाना लागत नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. बरोबर ना?

तुमची वहिनी


२० सप्टेंबर

वहिनी, नमस्कार.

पत्र दुकानात एक रेडिओ दुरुस्त करताना वाचलं आणि इतका खूष झालो की हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई तशीच टेबलावर ठेवली आणि टेबलाला भोक पाडलं. गिऱ्हाईक हसत होतं.

अभ्यासाचे तीन भाग आहेत. नियम, सिद्धांत आणि मोर्स.

नियमांपासून सुरुवात करा, ते सोपे आहेत आणि परीक्षकाला प्रिय आहेत. बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरं, द्यायची. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषा वापरायची नाही. दुसऱ्या दोघांचं बोलणं कानावर पडलं तर ते कुणाला सांगायचं नाही. आणि कुणी संकटाची हाक दिली तर आपलं सगळं थांबवून आधी तिकडे कान द्यायचा. हे शेवटचं हमखास विचारतात.

सिद्धांतात ओहमचा नियम पाठ नको, उदाहरणं सोडवा. कपॅसिटर, कॉइल, अँटेनाची लांबी कशी काढायची, लहरी आकाशातल्या थरावर आपटून परत खाली कशा येतात, एवढं पक्कं झालं की निम्मी लढाई जिंकलात. विजेची भीती वाटते हे चांगलंच आहे. ट्रान्समीटर बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. आमच्यात नियमच आहे, उघड्या यंत्रात काम करताना एक हात खिशात, म्हणजे धक्का बसला तरी वीज छातीतून जात नाही.

मोर्सचं मात्र एकच सांगतो. टिंब आणि रेघ कागदावर लिहून पाठ करू नका, आयुष्यभर पस्तावाल. कानाने शिका. 'डिडा' ऐकलं की मनात ए उमटला पाहिजे, मध्ये हिशेब नको. तुम्हाला ते जड जाऊ नये. टायपिंग शिकवणाऱ्या बाईचा कान आणि बोटं दोन्ही तयार असतात.

दादाशी आज सकाळी बोललो. रोमन अक्षरांत आमच्या नेहमीच्या गप्पा. मदतनीस स्वयंपाक बरा करतो, मोर्स त्याला येत नाही, आणि दाढी वाढवायची पैज दोघांत लागली आहे.

तुमचा
भाऊजी


८ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

मला खिसा नाही, म्हणून मी एक हात पाठीमागे धरते. आईंनी ते पाहिलं आणि विचारलं, कंबर धरली का. गच्चीवर तार बांधताना त्यांनी खालून देखरेख केली. ऐकू कमी येतं, पण खालून उपदेश मात्र अखंड चालू होता. तार पडेल, तू पडशील, शेजाऱ्यांच्या कुंड्या पडतील. कुंडी एक पडलीच.

नियम पाठ झाले. ओहमची उदाहरणं दहातली सहा बरोबर येतात. लहरींचं प्रकरण मला फार आवडलं, जवळच्या माणसाला आपला आवाज पोचत नाही आणि दूरच्याला स्पष्ट जातो. मोर्स तुम्ही म्हणालात तसं कानाने चाललंय. क्लासात पोरी टाइप करत असताना मी पाठमोरी उभी राहिले तरी कोण कुठल्या मशीनवर आहे ते मला कळतं. एकीची करंगळी आळशी आहे, एक स्पेसबार धोपटते. मोर्समध्येही तसंच असतं का हो? म्हणजे माणूस ओळखू येतो का?

एक विचारायचं राहिलंय. रविवारी सकाळी तुम्ही दोघं डायलवर नेमके कुठे भेटता? मी नुसती ऐकेन, परीक्षेपर्यंत तेवढाच सराव होईल. मागच्या दोन रविवारी मी काटा फिरवत बसले, पण कुणीतरी लांबचे लोक बोलत होते. आणि ह्या आठवड्यात तुमचं कार्ड आलं नाही.

तुमची वहिनी


१९ ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

कार्ड राहिलं, क्षमा असावी. दुकानात काम फार होतं.

दादाचे सिग्नल सध्या क्षीण येतात. अशा सिग्नलवर नवशिक्याने सराव केला तर कान बिघडतो. तुम्ही आधी सिद्धांत पुरा करा. पॉवर सप्लायचं प्रकरण नीट वाचा, गेल्या वर्षी त्यावर बरेच प्रश्न होते. ट्रान्समीटरची आकृती भागांच्या नावांसकट काढता आली पाहिजे. रविवारचं नंतर बघू.

माणूस ओळखू येतो का, हा प्रश्न परीक्षेत नसतो.

दादा निघाला तेव्हा त्याची तब्येत कशी होती? सहज विचारतोय. आईला नमस्कार.

भाऊजी


२ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही सहज काही विचारत नाही. इतक्या वर्षांत तुम्ही यंत्रं सोडून कुणाच्याही तब्येतीची चौकशी केलेली मला आठवत नाही.

तुमचं पत्र आल्यापासून मला चैन नव्हतं. रिसीव्हरचा डायल मी पुसायला घेतला तेव्हा काचेच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण दिसली. ह्यांचीच, हे कुठेही पेन्सिलीने खुणा करतात. काल सकाळी काटा त्या खुणेवर आणून बसले. आई बाहेर भाजी निवडत होत्या. आधी तुम्ही आलात. तुमचा मोर्सच्या कळेवरचा हात मी कधी ऐकला नव्हता, पण कॉल साइन तुमची होती आणि घाई तुमची होती. मग पलीकडून ह्यांची कॉल साइन आली.

भाऊजी, ते हे नव्हते.

ह्यांचा हात मी वर्षानुवर्षं घरात ऐकलाय. भिंतीपलीकडे कळ चालायची आणि मी पोळपाट पुसत असायची. तेव्हा अक्षर एक कळत नव्हतं, पण चाल माहीत होती. ते चालतात तसंच वाजवतात, सावकाश, आणि शेवटचं पाऊल जरा लांब टाकून. कालचा हात अडखळत होता. मध्येच लांब, मध्येच आखूड, एखादं अक्षर तीनदा. जेमतेम चार शब्द मला कळले, 'थंडी', 'ठीक', आणि 'आई कशी'. पण कोण होतं ते? ह्यांच्या नावाने माझ्या सासूची चौकशी कोण करत होतं?

मी रिसीव्हर बंद केला आणि तिथेच बसून राहिले. आईंनी आत येऊन विचारलं, लागला का माझा मुलगा? मी हो म्हटलं. काय म्हणाला? म्हटलं, थंडी आहे, तुमची चौकशी केली. त्या समाधानाने परत गेल्या.

आज क्लासात सगळी मशीनं एकदम चालू झाली तशी मी बाहेर जाऊन उभी राहिले.

तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे? लपवू नका. मला लपवलेलं जास्त घाबरवतं.

वहिनी


७ नोव्हेंबर

वहिनी,

चार ऑक्टोबरपासून. त्या रविवारी पहिल्या अक्षराला मला कळलं की कळेवर दादाचा हात नाही.

कळवायचं ठरवून कार्ड घ्यायचो आणि काय लिहू ते सुचायचं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही आईसमोर वाचलं असतंत. नाही लिहिलं तर निदान तुमचा अभ्यास होईल, असं मनाला समजावलं. कान बिघडतो वगैरे सगळं खोटं होतं.

आता सगळंच सांगतो. मीही घाबरलोय, आणि मला घाबरल्याचं बोलायला दुसरं कुणी नाही. मी आधी समजूत घातली की दादाला सर्दी-ताप असेल आणि त्याने मदतनीसाला चार चिन्हं शिकवून बसवलं असेल. तो नियमाचा भंग आहे, परवाना नसलेल्या माणसाने कळेला हात लावायचा नसतो, आणि दादा नियमाला किती धरून असतो ते तुम्ही जाणता. म्हणून पुढच्या खेपेला मी एक प्रश्न टाकला. लहानपणी आम्ही दोघं आईच्या शिवणाच्या मशीनवर बसून टाच मारायचो आणि त्याला घोडा म्हणायचो. हे जगात आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. मी विचारलं, आईच्या मशीनला आपण काय म्हणायचो?

मी पेन्सिल धरून बसलो. मग आलं, 'बैल'.

मी कानावरचा हेडफोन काढून ठेवला. दादा असता तर घोडा म्हणाला असता. म्हणजे दादा त्या खोलीत नाही, नाहीतर त्या माणसाने त्याला विचारलं असतं. मग दादा कुठे आहे? त्या बेटावर दुसरं जायला काही नाही. तो नवा माणूस कोण, कुठला, आपण कुणी पाहिलेला नाही. आणि दादाला काही झालं असेल, तो एकटाच उरला असेल, आणि भीतीपोटी वसंतापर्यंत त्याच्या नावाने कळ दाबत राहायचं त्याने ठरवलं असेल तर? रोज सकाळी दुकान उघडताना हाच विचार माझ्याबरोबर आत येतो.

ऑफिसात कळवावं असं कितीदा मनात आलं. पण तिकडे आकडे वेळेवर जाताहेत. आणि मी कळवलं आणि दादा नुसता आजारी निघाला, तर त्याचा परवाना जाईल आणि नोकरीही. रविवारी मी काहीबाही बोलतो. सरळ विचारायचा धीर होत नाही. विचारलं नाही तोवर तो आहे, असं वाटतं.

तुमचा
भाऊजी


११ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र मी क्लासच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांवर बसून वाचलं. 'तो एकटाच उरला असेल' इथपर्यंत आले आणि मला पुढची ओळ दिसेना. एका पोरीने पाणी आणून दिलं.

मग मी पत्र पुन्हा वाचलं आणि तुमच्यावर रागावले. भाऊजी, 'बैल' कुणाला सुचेल? परका माणूस मशीनला काय म्हणेल? मशीनच म्हणेल, किंवा आठवत नाही म्हणेल. जनावराचं नाव सांगायला ते जनावर आहे हे माहीत असावं लागतं. त्या माणसाला घोडाच म्हणायचं होतं. त्याला तो शब्द सापडला नाही, शेजारचा सापडला.

आणि आता मी तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते सांगते. उन्हाळ्यात ह्यांच्या हातून कप पडला. मग दुसऱ्यांदा किल्ल्या पडल्या. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणाले, आणि एकदा जेवताना मला 'मीठ दे' म्हणायच्या ऐवजी 'साखर दे' म्हणाले आणि स्वतःच हसले. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर माझ्याकडून कबूल करून घेतलं की कुणाला बोलायचं नाही, तुम्हालाही नाही. ऑफिसला कळलं तर बेटावर पाठवणार नाहीत, आणि बेटाशिवाय त्यांचं मन कुठे लागत नाही. परीक्षेला बसायचं माझ्या मनात आलं ते त्या कपापासून. तुम्हाला वाटलं मी गणिताला घाबरते.

दोन महिने मी स्वतः मोर्स शिकते आहे, त्यामुळे नवशिक्या कुठे अडतो ते मला कुणी सांगायला नको. नवशिक्या अक्षराच्या आधी थांबतो, कारण त्याला ते आठवत नाही. सुरू केलं की मात्र धडाधड वाजवतो. परवाच्या रविवारी मी पुन्हा ऐकलं, लक्ष देऊन. हा हात अक्षराच्या मध्येच अडकतो. अक्षर त्याला माहीत आहे, बोटं ऐकत नाहीत. माझ्या क्लासात एका पोरीचं उजवं मनगट मोडलं होतं, ती महिनाभर डाव्या हाताने टाइप करायची. अगदी असाच आवाज यायचा.

ते हेच आहेत, भाऊजी. डाव्या हाताने वाजवताहेत.

हे लिहिलं आणि क्षणभर बरं वाटलं. मग कळलं की हे दुसरंच भय आहे. एक बाजू लुळी पडलेला माणूस, जिथे औषध नाही अशा ठिकाणी, चार महिने.

रविवारी तुम्ही सरळ विचारा. मी इथे ऐकत असेन. तुम्ही एकटे नसाल.

वहिनी


१६ नोव्हेंबर

वहिनी,

ऐकलंत ना? सिग्नल मध्येच बुडत होता, तुमच्यापर्यंत सगळं आलं की नाही कोण जाणे, म्हणून लिहितो.

मी विचारलं, 'दादा, डावा हात?' नुसती खरखर. मग आलं, 'हो'. मी विचारलं, उजवा? 'नाही'. पाय? 'थोडा'. शब्द सापडत नाहीत का? ह्याला उत्तर म्हणून त्याने तीनदा काहीतरी सुरू केलं आणि तीनदा सोडून दिलं. शेवटी एवढंच, 'सांगू नको. ऑफिस नको. वसंत.'

वहिनी, तो जिवंत आहे. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत रडलो.

मदतनीस उपकरणं वाचून आकडे देतो आणि दादा डाव्या हाताने ऑफिसला धाडतो, असं दिसतंय. त्याने सांगू नको म्हटलंय. तो मोठा आहे, त्याने आजवर माझ्याकडे एवढं एकच मागितलंय. आणि हवेत ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं, हा नियम मीच तुम्हाला शिकवलाय. वसंतापर्यंत आपण दर रविवारी त्याला धरून ठेवू. मी आजपासून रोज सकाळी ऐकायला बसतो.

परीक्षेचं विसरू नका. संकटाच्या हाकेचा नियम, अँटेनाची लांबी, पॉवर सप्लाय.

भाऊजी


२४ नोव्हेंबर

भाऊजी,

मी सांगून आले.

आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं, पण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी कदाचित ऐकलं असतं. शुक्रवारी क्लासला सुट्टी दिली आणि हवामानखात्याच्या ऑफिसात गेले. जिना कठडा धरून चढले. तीन वर्षांपूर्वी बेटाची नेमणूक झाली तेव्हा ह्याच जिन्यावर हे मुलासारखे धावत खाली आले होते, ते आठवत होतं. साहेबांनी नेहमीचं सांगितलं, आकडे वेळेवर येताहेत. मी म्हटलं, ते डाव्या हाताने येताहेत. मग त्यांनी बेटाचे संदेश घेणाऱ्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, ऑक्टोबरपासून हात जड झालाय, आम्हाला वाटलं थंडीमुळे असेल.

साहेबांनी विचारलं, त्यांनी स्वतः मदत मागितली आहे का? मी म्हटलं, नाही, त्यांनी सांगू नका म्हटलंय. मग तुम्ही का सांगताय? मला एकच उत्तर होतं. म्हटलं, मी त्यांची बायको आहे आणि मला भीती वाटते.

जहाज पाठवायचा प्रयत्न करू म्हणाले. समुद्र खवळलेला आहे, उघडीप मिळेल तेव्हा. मिळेल की नाही ते सांगत नाहीत.

परत येताना मला दोन वेळा वाटलं, मागे फिरावं आणि सगळं खोटं होतं म्हणून सांगावं. त्यांनी तुमच्याकडे एक गोष्ट मागितली म्हणता. माझ्याकडेही एकच मागितली होती, उन्हाळ्यात. ती मी पाळली. म्हणून ते आज तिथे आहेत.

शनिवारी परीक्षा आहे. पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात.

वहिनी


२७ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र आलं. काय लिहावं कळत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. तुम्ही बरोबर केलंत की नाही ते मला ठाऊक नाही. दादा तुम्हाला क्षमा करणार नाही एवढं ठाऊक आहे. आणि मला तुम्ही विचारलं असतंत, तर बरं झालं असतं.

परीक्षेआधी हे पोचलं तर शुभेच्छा. आधी मोर्स होईल, मग लेखी.

भाऊजी


६ डिसेंबर

वहिनी,

हे रविवारी दुपारी लिहितोय. तुम्ही सकाळी ऐकत होतात का? नसाल तर बरं, असाल तर मला धीर द्या.

ठरल्या वेळेला मी हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. मग डायलवर त्याच जागी, दादाच्या सुरात, कुणीतरी कळ दाबली. कॉल साइन नाही, अक्षर नाही, नुसती एक रेघ. लांब, सरळ, न तुटणारी. मी वाट पाहत होतो की आता तुटेल, आता काहीतरी होईल. ती चालूच राहिली. मग बंद झाली. जरा वेळाने पुन्हा तशीच. त्यानंतर काही नाही.

हा डावा हात नाही. हा हातच नाही. मोर्सचं एक अक्षरही येत नसलेला माणूस कळेवर तळवा दाबून बसला होता, कुणीतरी ऐकेल म्हणून. म्हणजे दादा कळेपर्यंत येऊ शकत नाही.

मी सगळ्या बँडवर संकटाची हाक फिरवली. तीन ठिकाणांहून लोकांनी दखल घेतली, एकाने बंदराला फोन लावला. बंदरातला माणूस म्हणाला, चौकशी करतो. दुपारपर्यंत काही कळलं नाही.

मी गेल्या पत्रात जे लिहिलं ते लिहायला नको होतं. जहाज निघालं का? निघालं असेल असं मला सांगा, खरं नसलं तरी सांगा. आईला ह्यातलं काही कळू देऊ नका. मी पहिल्या गाडीने येतोय, पत्र माझ्याआधी पोचेल की नंतर, माहीत नाही.

भाऊजी


२८ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

तुम्ही दुकान उघडायला परत गेलात त्याला आठवडा झाला. दवाखान्याच्या बाकावर आपण दोघं बसलो होतो तेव्हा बोलायला काही सुचत नव्हतं, आता सुचतंय म्हणून लिहिते.

जहाजावरचे डॉक्टर काल भेटले. तुम्ही ती लांब रेघ ऐकलीत त्या सकाळी जहाज बेटाच्या आडोशाला उभंच होतं. आदल्या दिवशी पोचलं होतं, पण लाटांमुळे होडी सोडता येत नव्हती. तुमच्या हाकेवरून बंदराने त्यांना कळवलं की तिथे आता कुणी उत्तर देत नाही, तेव्हा कप्तानाने धोका पत्करला. होडी एकदा उलटता उलटता राहिली म्हणे. ह्यांना पक्षाघाताचा दुसरा झटका येऊन काही तास झाले होते. आणखी एक दिवस गेला असता तर, असं म्हणून डॉक्टर थांबले आणि मीही पुढे विचारलं नाही.

मदतनीस परवा भेटायला आला. केवढा तरुण आहे हो, आणि आपण त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं. ऑक्टोबरपासून ह्यांना अंघोळ, जेवण, उठवणं-बसवणं त्याने केलं. कळवू या म्हणून रोज मागे लागायचा, हे नाही म्हणायचे. त्या सकाळी काय करावं कळेना, म्हणाला, म्हणून जे त्यांना रोज दाबताना पाहत होतो ते दाबलं. आईंनी त्याला जवळ घेतलं. त्यांना सगळं सांगितलंय. त्या म्हणाल्या, मला ऐकू येत नाही, पण तुझा चेहरा मला दोन महिने दिसत होता.

परीक्षेचा निकाल आला. नियमांत आणि मोर्समध्ये पास, सिद्धांतात नापास. पॉवर सप्लायवर तुम्ही म्हणाला होतात तसेच प्रश्न आले आणि मी आकृतीत ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला. संकटाच्या हाकेचा प्रश्न पहिलाच होता. त्याचं उत्तर लिहिताना पेन इतका घट्ट धरला गेला की कागद फाटला. मे महिन्यात पुन्हा बसायचंय. तेव्हा काय वाचायचं ते कळवा.

आता ह्यांचं. उजवा हात तसाच आहे. शब्द येतात, पण वाट चुकून येतात. बेटाची नेमणूक रद्द झाल्याचं ऑफिसने कळवलं, ते मी वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी भरवायची, पुसायची, आणि ते छताकडे पाहत राहायचे. तुम्ही म्हणाला होतात ना, क्षमा करणार नाहीत. मी त्याला तयार होते, पण तयार असणं आणि रोज त्या खाटेशी उभं राहणं ह्यांत फरक आहे. भीती गेली तर तिथे काय येतं, ते मला माहीत नव्हतं.

आज सकाळी मला राहवलं नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "मी ऑफिसात सांगितलं, त्याचा राग आहे?"

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी मदत केली नाही, डॉक्टरांनी तसं बजावलंय. शेवटी अगदी स्पष्ट म्हणाले, "हो."

मी मान हलवली. मी उभीच होते, खुर्ची पलीकडच्या खाटेपाशी नेली होती कुणीतरी. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा पाय धरला, जोर लावून बाजूला सरकवला, आणि मला बसायला जागा केली.

तुमची
वहिनी